‘ठोके किती?’ हा प्रश्न आता आपण विचारलाच पाहिजे

‘बाळ जन्मल्यावर लगेच रडले नाही.’ वस्त्यांमध्ये काम करताना हे वाक्य आम्ही असंख्य वेळा ऐकले आहे. अनेकदा डिस्चार्ज कार्डावरही त्याहून अधिक काही लिहिलेले नसते. बाळ काही दिवस काचेच्या पेटीत राहते, झटके येतात, मग घरी येते. पुढे सहा-आठ महिने झाले तरी मान धरत नाही, बसत नाही, दूध गिळताना ठसकते. मग सुरू होतो अपंगत्वाच्या दाखल्याचा फेरा. त्याच वेळी घराघरांत दुसरे खटले सुरू होतात. ग्रहणात भाजी चिरली असेल. बाहेरचे काही लागले असेल. आईच्याच मागच्या जन्मीचे पाप असेल. शेवटी सगळे एका शब्दावर येऊन थांबतात : नशीब.

या शब्दाला आमचा विरोध आहे. प्रसूतीच्या कळा सुरू असताना बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो आणि मेंदूला कायमची इजा होते, अशा अनेक घटनांच्या मागे कुठलाही ग्रह नसतो. त्यामागे काही तास असतात. त्या तासांत बाळाच्या हृदयाचे ठोके कोणीतरी ऐकायचे असतात, लिहायचे असतात आणि बिघाड दिसताच धावपळ करायची असते. ते झाले की नाही, हा नशिबाचा प्रश्न नाही. तो मनुष्यबळाचा, जबाबदारीचा आणि आपल्या देशात जातीचाही प्रश्न आहे.

आधी विज्ञान समजून घेऊ

आईच्या पोटात बाळ स्वतः श्वास घेत नाही. त्याला प्राणवायू वारेतून आणि नाळेतून मिळतो. कळ आली की गर्भपिशवी आवळते आणि वारेकडे जाणारा रक्तपुरवठा थोडा वेळ कमी होतो. कळ ओसरली की तो पूर्ववत होतो. निरोगी बाळ हे चढउतार सहन करते. दोन कळांमधली विश्रांती म्हणजे त्याची दम घेण्याची वेळ असते. पण कळा फार जवळजवळ येऊ लागल्या, नाळ दाबली गेली, वार सुटू लागली किंवा प्रसूती अडून राहिली, की ही विश्रांती पुरत नाही. प्राणवायू कमी पडू लागतो. बाळ बोलू शकत नाही, पण त्याचे हृदय बोलते.

प्रसूतीच्या वेळी बाळाच्या हृदयाचे ठोके साधारणपणे मिनिटाला ११० ते १६० असतात. कळ संपल्यावरही ते खाली राहत असतील, सतत वाढलेले असतील किंवा पुन्हा पुन्हा घसरत असतील, तर ती धोक्याची सूचना असू शकते. ती वेळेत ऐकली तर करण्यासारखे बरेच असते. आईला कुशीवर वळवणे, कळा वाढवण्याचे औषध सलाईनमधून सुरू असेल तर ते थांबवणे, डॉक्टरांना बोलावणे, गरज असेल तर चिमटा किंवा व्हॅक्युम लावून अथवा सिझर करून बाळ लवकर बाहेर काढणे. बाळ रडले नाही तर पहिल्या मिनिटाच्या आत पिशवी आणि मुखवट्याने श्वास देणे. सूचना ऐकलीच नाही, तर यातले काहीच वेळेवर होत नाही.

ठोके ऐकण्यासाठी काय लागते? पोटावर टेकवून कान लावायचे पिनार्ड नावाचे साधे नळकांडे १९ व्या शतकाच्या अखेरीपासून वापरात आहे. आता हातात मावणारा डॉप्लर मिळतो, त्याचा आवाज आईलाही ऐकू येतो. जागतिक आरोग्य संघटनेने सांगितलेली रीतही साधी आहे. कळा जोमात सुरू झाल्यावर दर १५ ते ३० मिनिटांनी आणि आई जोर लावू लागली की दर ५ मिनिटांनी ठोके ऐकायचे. प्रत्येक वेळी किमान एक मिनिट, कळ चालू असताना आणि ती ओसरल्यावरही. त्याच वेळी आईची नाडी तपासायची, म्हणजे आईचे ठोके बाळाचे समजले जाणार नाहीत. आणि आकडा तिथल्या तिथे लिहायचा.

ही रीत अवघड नाही. मग ती पाळली का जात नाही?

यंत्र आणले की प्रश्न सुटतो का?

अशी घटना घडून गावात ओरड झाली की पुढाऱ्यांचे ठरलेले उत्तर असते : ‘आपण मशीन देऊ.’ कागदाच्या पट्टीवर ठोक्यांचा आलेख काढणारे कार्डिओटोकोग्राफी यंत्र येते, फीत कापली जाते, फोटो छापून येतो. आमच्या तरुणांनाही वाटते की मोठ्या शहरातल्या खासगी रुग्णालयात ते असते, म्हणून तिथली बाळे सुखरूप असतात.

शास्त्रीय पुरावा मात्र वेगळे सांगतो. १९८५ साली आयर्लंडमधील डब्लिन येथील सुमारे १३ हजार प्रसूतींच्या अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. एका गटात यंत्राने सतत नोंद घेतली, दुसऱ्या गटात प्रशिक्षित सुईणींनी ठराविक अंतराने ठोके ऐकले. यंत्राच्या गटात नवजात बाळांना झटके येण्याचे प्रमाण सुमारे निम्मे झाले, हे खरे. पण बाळांच्या मृत्यूच्या प्रमाणात फरक दिसला नाही, आणि मुले चार वर्षांची झाल्यावर सेरेब्रल पाल्सीचे प्रमाणही कमी झालेले आढळले नाही. पुढे २०१७ मध्ये १३ चाचण्या आणि ३७ हजारांहून अधिक स्त्रियांची माहिती एकत्र करून झालेल्या आढाव्यातही हेच चित्र कायम राहिले. सिझरचे प्रमाण मात्र यंत्रामुळे वाढले. कारण हे यंत्र खोटी भीती फार दाखवते. म्हणूनच २०१८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने निरोगी स्त्रीच्या नैसर्गिक प्रसूतीत असे सतत यंत्र लावू नये, ठराविक अंतराने ऐकावे, अशी शिफारस केली. जिथे धोका जास्त आहे, उदाहरणार्थ रक्तदाब वाढलेला आहे, आधी सिझर झालेले आहे किंवा कळा वाढवण्याचे औषध चालू आहे, तिथे यंत्राचा उपयोग आहे. पण तिथेही आलेख वाचणारा आणि वाचून उठणारा माणूस लागतोच.

या चाचण्यांत यंत्राची तुलना ‘कोणी नाही’ याच्याशी झाली नव्हती, ती एका सावध, प्रशिक्षित बाईच्या कानाशी झाली होती. आपल्या सरकारी प्रसूतिकक्षात मात्र अनेकदा निवड यंत्र की कान अशी नसतेच. तिथे कान हजर आहे की नाही, इतकाच सवाल असतो. यंत्राचे उद्घाटन करता येते. रिक्त जागेवर नेमलेल्या सिस्टरचे उद्घाटन करता येत नाही, म्हणून त्या जागा रिक्त राहतात.

दार उघडले, पण आत कोण आहे?

बाळंतपण दवाखान्यातच करा, असे सरकारने सांगितले. आशाताईंनी घरोघरी जाऊन सांगितले. २००५ मध्ये जननी सुरक्षा योजना आली, २०११ मध्ये जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम आला. आपल्या बायकांनी ऐकले. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार २००५-०६ मध्ये देशातील ३८.७ टक्के प्रसूती दवाखान्यात होत होत्या. २०१९-२१ पर्यंत हे प्रमाण ८८.६ टक्क्यांवर गेले. ही मोठी झेप आहे आणि तिचे श्रेय गरीब स्त्रियांनाही आहे. त्यांनी आपला भाग पूर्ण केला.

व्यवस्थेने तिचा भाग पूर्ण केला का? साधा हिशेब करू. एका सिस्टरकडे रात्रपाळीत कळा सुरू असलेल्या चार बायका आहेत असे धरा. प्रत्येकीचे ठोके दर १५ मिनिटांनी ऐकायचे म्हणजे तासात १६ वेळा. जागा शोधणे, पूर्ण मिनिट मोजणे, आईची नाडी पाहणे, लिहिणे यासाठी प्रत्येक वेळी तीन-चार मिनिटे धरली तरी अख्खा तास संपतो. त्यातच एक बाई जोर लावू लागली, तर सिस्टरला तिच्याजवळून हलता येत नाही. उरलेल्या तिघींच्या बाळांचे ठोके त्या वेळी कोण ऐकणार? हा हिशेब मंत्रालयातल्या माणसाला कळत नाही असे नाही. त्याला तो करायचा नाही. केंद्र सरकारने २०१७ मध्ये प्रसूतिकक्षांची गुणवत्ता सुधारण्यासाठी ‘लक्ष्य’ कार्यक्रम सुरू केला. कागदावर तो चांगला आहे. पण माणसे न देता गुणवत्ता मागणे म्हणजे एकाच सिस्टरला चार ठिकाणी उभे राहायला सांगणे.

म्हणून आमचा राग रात्रपाळीच्या सिस्टरवर नाही. तीही बहुतेक वेळा आपल्यासारख्याच घरातली, कंत्राटी, पगार थकलेली असते. काही बिघडले की निलंबन तिचे होते. पद भरण्याची फाईल ज्याने दाबून ठेवली, तो मात्र चौकशी समितीवर बसतो.

दुसरीकडे खासगी रुग्णालये आहेत. त्याच २०१९-२१ च्या सर्वेक्षणात खासगी रुग्णालयांतील ४७.४ टक्के प्रसूती सिझरने झालेल्या दिसतात, सरकारी रुग्णालयांत १४.३ टक्के. एका दारात गरज नसताना पोट कापले जाते, दुसऱ्या दारात गरज असताना कोणी पाहत नाही. दोन्हीकडे बळी बाईच आहे. पैसा असेल तर पहिला अन्याय आणि नसेल तर दुसरा, एवढीच निवड आपल्या वाट्याला ठेवलेली आहे.

ऐकण्यासाठी पोटाला हात लावावा लागतो

इथे जातीचा मुद्दा काढला की काही सुशिक्षित मित्र म्हणतात, ‘दवाखान्यात कसली जात?’ त्यांना आमचे सांगणे आहे की ठोके ऐकायचे तर बाईजवळ जावे लागते, तिच्या पोटाला हात लावावा लागतो, पिनार्ड असेल तर जवळजवळ डोके टेकवावे लागते. ज्या समाजात बाळंतपण विटाळ मानले गेले, ज्या समाजाने नाळ कापण्याचे आणि वार पुरण्याचे काम अस्पृश्य ठरवलेल्या स्त्रियांवर टाकले, त्या समाजातील ही कृती आहे. महाराष्ट्रात गावोगावी मांग समाजाच्या स्त्रिया सुईणपण करीत आल्या. त्यांच्या हातांवर सगळ्या गावाची लेकरे जन्मली. त्या हातांना गावाने ज्ञान मानले नाही, घाण मानले. पुढे आधुनिक व्यवस्था आली तेव्हा त्या सुईणींना सन्मानाने शिकवून प्रशिक्षित दाई करण्याऐवजी अडाणी म्हणून बाजूला सारले. जुने ज्ञान गेले आणि नवे ज्ञान पुरेशा संख्येने आले नाही.

प्रसूतिकक्षात आपल्या बायकांना काय ऐकावे लागते, हे त्यांनाच विचारा. ‘तेव्हा नाही ओरडलीस, आता कशाला ओरडतेस?’ हे वाक्य आम्हाला एकीने नव्हे, अनेकींनी सांगितले आहे. कोणाला आडनावावरून ओळखले, कोणाला कपड्यांवरून. अशी वागणूक मिळालेली बाई ‘पोटात बाळ हलत नाही’ असे सांगायलाही घाबरते. जिचे स्वतःचे बोलणे कोणी ऐकत नाही, तिच्या बाळाचे ठोके ऐकले जातील, ही अपेक्षा कशी करायची?

कर्माचा सिद्धांत कोणाला सोयीचा?

बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात पूर्वजन्मीच्या कर्माची कल्पना नाकारली. ती नाकारताना त्यांनी नेमक्या जागी बोट ठेवले. गरीब आणि दलित माणसाच्या हालाची जबाबदारी राज्याला आणि समाजाला टाळता यावी, हाच अशा सिद्धांताचा उपयोग आहे, असा त्यांचा आशय होता. मेंदूला इजा झालेल्या बाळाच्या आईला जेव्हा शेजारीण सांगते की हे तुझ्या कर्माचे फळ आहे, तेव्हा ती नकळत आरोग्य खात्याचे वकीलपत्र घेत असते. पाप आईचे ठरले की रिक्त पदांची चौकशी संपते. दुःख आहे, दुःखाला कारण आहे आणि ते कारण दूर करता येते, हे आपण वंदनेनंतर सांगतो. मग दवाखान्याच्या दारात येताच ते का विसरतो? धम्म घेतलेल्या घरातही जेव्हा अशा बाळासाठी नवस बोलले जातात आणि आईच्या गळ्यात ताईत बांधला जातो, तेव्हा १९५६ च्या धम्मक्रांतीचे काम अजून बाकी आहे असे आम्हाला वाटते.

आणि मातृत्वाची जबाबदारी समाजाची आहे हा विचार आपल्याला कोणाकडून उसना घ्यायचा नाही. १८६३ मध्ये जोतीराव आणि सावित्रीमाईंनी पुण्यात बालहत्या प्रतिबंधक गृह काढले. ज्या विधवेच्या बाळंतपणाला समाज पाप म्हणत होता, तिला त्यांनी सुरक्षित खाट दिली. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला बाबासाहेबांनी पाठिंबा दिला. आईला बाळंतपणाच्या आधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, आणि म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी त्यांची मांडणी होती. प्रसूती ही खासगी बाब नाही, हे त्यांनी तेव्हाच सांगून ठेवले.

सत्य अर्धे सांगू नये

आपली बाजू मजबूत हवी असेल तर पूर्ण सत्य बोलले पाहिजे. प्रत्येक सेरेब्रल पाल्सी प्रसूतीच्या वेळच्या निष्काळजीपणामुळे होत नाही. फार लवकर झालेला जन्म, गर्भातील संसर्ग, जन्मानंतर वाढलेली कावीळ, जनुकीय कारणे अशी अनेक कारणे असतात. काही वेळा सगळे काळजीपूर्वक करूनही इजा होते. म्हणून डॉक्टरांवर हात उगारणे, दवाखाना फोडणे हा आपला मार्ग नाही. आपला मार्ग नोंद मागण्याचा आहे. ठोके ऐकल्याची नोंद असेल तर सत्य कळेल, नसेल तर तीच खरी तक्रार आहे.

श्रीमंत देशातही हे घडते. इंग्लंडमधील श्रूजबरी आणि टेलफर्ड रुग्णालयांबाबत मार्च २०२२ मध्ये डोना ओकेंडेन यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात १,४८६ कुटुंबांची प्रकरणे तपासली गेली. ठोक्यांवर नीट लक्ष न ठेवणे, धोक्याची सूचना वरिष्ठांपर्यंत न पोहोचवणे, आयांचे म्हणणे न ऐकणे असे दोष त्यात समोर आले. तिथे यंत्रे होती. तरीही ऐकले गेले नाही. पण दोन दुःखी कुटुंबांनी वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, म्हणून चौकशी झाली. ही गोष्ट आपण शिकण्यासारखी आहे.

आणखी एक गोष्ट. बाळाला इजा झाल्यावर शरीराचे तापमान तीन दिवस ३३ ते ३४ अंशांवर ठेवण्याचा उपचार पाश्चात्त्य देशांत गुणकारी ठरला आहे. भारत, श्रीलंका आणि बांगलादेशातील ४०८ बाळांवर त्याची मोठी चाचणी झाली. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार इथे त्या उपचाराने मृत्यू किंवा अपंगत्व कमी झाले नाही, उलट थंडावा दिलेल्या गटात मृत्यू अधिक झाले. इथल्या बाळांच्या मेंदूला इजा जन्माच्या बरीच आधी सुरू झालेली असावी, असे एक स्पष्टीकरण संशोधकांनी दिले. याचा अर्थ काय? नंतरच्या महागड्या उपचारावर आपण विसंबू शकत नाही. आपल्या बाळांना वाचवायचे असेल तर ते कळांच्या तासांतच वाचवावे लागेल.

मग करायचे काय?

पहिले, प्रश्न विचारायला शिका आणि शिकवा. केंद्र सरकारने २०१६ मध्येच प्रसूतीच्या वेळी बाईसोबत एक स्त्री सोबतीण राहू देण्याचे धोरण स्वीकारले आहे. ती सोबतीण शिकलेली असो वा नसो, तिने एवढेच विचारायचे : ‘सिस्टर, ठोके किती? लिहिले का?’ भांडायचे नाही, नम्रपणे विचारायचे, पण दर वेळी विचारायचे. कळा वाढवण्याचे इंजेक्शन किंवा सलाईन लावले तर ‘आता ठोके किती वेळाने बघणार?’ हेही विचारायचे.

दुसरे, कागद मागा. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार रुग्णाने किंवा अधिकृत नातेवाइकाने मागणी केल्यावर ७२ तासांत उपचारांची कागदपत्रे द्यावी लागतात. केवळ डिस्चार्ज कार्डावर समाधान मानू नका. प्रसूतीची प्रगती आणि ठोके ज्यावर नोंदवतात तो पार्टोग्राफ मागा. सरकारी रुग्णालयातील मंजूर, भरलेली आणि रिक्त पदे माहितीच्या अधिकारात मागा.

तिसरे, हक्काची भाषा बोला. १९९६ मध्ये पश्चिम बंग खेत मजदूर समितीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तातडीचा उपचार नाकारणे हा कलम २१ चा भंग ठरवला. २०१० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने गरीब मातांच्या प्रकरणात प्रसूतीची सेवा हा जगण्याच्या हक्काचा भाग मानला. दवाखान्यात आपण उपकार मागायला जात नाही.

चौथे, ज्या लेकरांना इजा झाली आहे, त्यांना लपवू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सेरेब्रल पाल्सीचा समावेश आहे. जिल्हा पातळीवरच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्रात तपासणी आणि व्यायामोपचार जितक्या लवकर सुरू होतील तितके बरे. त्या मुलाचा शाळेचा हक्क संपत नाही आणि त्याच्या आईचा मान तर मुळीच संपत नाही.

पाचवे, जयंतीच्या वर्गणीतून यंत्र दान करू नका. त्या पैशांतून हे मुद्दे सोप्या भाषेत छापा, बुद्धविहारात गरोदर बायकांची आणि त्यांच्या सासवांची बैठक घ्या, आणि मोर्चा काढायचा तर रिक्त पदे भरण्यासाठी काढा. प्रत्येक तालुक्यात चार कार्यकर्त्यांनी आपल्या रुग्णालयाच्या प्रसूतिकक्षातील पदांचा पाठपुरावा केला, तरी बरेच काही हलेल.

शिका, संघटित व्हा, संघर्ष करा, हे आपण भाषणाच्या शेवटी म्हणतो. ठोके मोजायला शिकणे, सोबतिणींना संघटित करणे आणि भरल्या न गेलेल्या पदांसाठी संघर्ष करणे, हा त्याचाच आजचा अर्थ आहे. आपले लेकरू आईच्या पोटातून हाक देत असते. ती ऐकणारा माणूस तिथे नेमणे ही राज्याची जबाबदारी आहे, आणि राज्याला ती टाळू न देणे ही आपली.

जय भीम! जय संविधान!